वरून आलेली गोळी

मला राग लवकर येतो. बायको म्हणते, "फौजेतनं आलात, पण बंदूक काही जमा केली नाही, तोंडात घेऊन आलात." म्हणू दे. आता नांदेडात राहून राहिलो. पेन्शन आहे, सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत फिरून येतो, दुपारी झोप काढतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण कुणी माझ्यासमोर "पाठीत गोळी लागली म्हणजे गडी पळत असणार" असं म्हटलं, की तळपायाची आग मस्तकात जाते. परवा न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर लढाईचा सिनेमा चालू होता. त्यातला हिरो मरता मरता म्हणतो, गोळी छातीवर घेतली, पाठीवर नाही. दुकानातल्या चार जणांनी माना डोलावल्या. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो आणि त्या चौघांना जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. न्हावी म्हणाला, "काका, शिनेमा हाय तो." सिनेमा आहे हे मलाही कळतं. पण तो बघून घरी जाणारा माणूस खरा असतो आणि तो दुसऱ्याच्या लेकराबद्दल खरंच बोलतो.

फौजेतला माझा जोडीदार लातूर जिल्ह्यातला, चाकूरच्या पुढं त्याचं खेडं. मी मुदखेडकडचा. पलटणीत सगळ्या मुलखांची पोरं होती, पण आमच्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळं एकमेकांवाचून करमायचं नाही. भांडायचो पण तेवढंच. मी म्हणायचो, "तुम्हा लातूरवाल्यांना पाणी बघितलं की डोळे फिरतात, हितं तर बर्फच बर्फ हाय, नेतो का पोत्यात भरून?" तो म्हणायचा, "तुमची गोदावरी उन्हाळ्यात बघितलीय मी, म्हशीचं शेपूट बी भिजंना." त्यानं चौकीवर दोरीची गोफण वळली होती. पाखरं तर नव्हतीच तिथं. रिकामा डबा लांब दगडावर ठेवायचा आणि गोफणीनं उडवायचा. पंजाबातली, बिहारातली पोरं येडी व्हायची बघून. त्यांना वाटायचं ही काहीतरी जादू आहे. आमच्याकडं ज्वारी राखणाऱ्या कुठल्याही बाईला ती येते, हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही.

घरी त्याची आई एकटीच. वडील लहानपणीच गेलेले. थोडी जमीन होती, ती आईच बघायची. आई त्याच्यासाठी पोरगी बघून राहिली होती. फोनवर रोज एक नवीन पोरगी, आणि हा रोज म्हणायचा, "पुढच्या सुट्टीत बघू."

आता जागा कशी होती ते सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. ते वर होते, आम्ही खाली. समोरच्या डोंगराच्या धारेवर शत्रूची चौकी आणि आमची पुढच्या ठाण्याकडं जाणारी वाट खालच्या नाल्यातून चढावर. आमच्या मुलखात माणसाला उंच म्हणजे काय माहीत? पाण्याची टाकी नाहीतर रानातलं मचाण. सपाट काळी जमीन, नजर टाकावी तिथवर. सपाटीवर दगडामागं बसलं की भागतं, समोरून आलेली गोळी दगडाला लागते. पण जो वरून मारतो त्याला दगडाच्या मागचंही दिसतं. त्याला तुमचं डोकं दिसतं, खांदे दिसतात, पाठ दिसते. छाती त्याला दिसतच नाही, कारण तुम्ही तिच्यावरच तर सरकत असता. पोटावर रांगत त्याच्या अंगावर चालून गेलात, त्याच्याकडं तोंड करून गेलात, तरी त्याची गोळी तुमच्या पाठीतच बसणार. हे समजायला फौजेत जावं लागत नाही. जरा डोकं लागतं.

त्या दिवशी आम्ही शिधा घेऊन चढत होतो. वरून गोळीबार सुरू झाला आणि सगळे जिथं होते तिथं आडवे झाले. सगळ्यात पुढं एक पंजाबी पोरगा होता, त्याच्या मांडीत गोळी बसली. उघड्या चढावर पडला होता आणि ओरडत होता. जोडीदार माझ्या शेजारीच होता. त्यानं पाठीवरचं ओझं सोडलं. मी त्याचा बूट धरला. म्हटलं, "थांब बे, धुराचे गोळे टाकतील, मग जा." तो म्हणाला, "तवर त्येचं समदं रगत जाईल की." आणि पाय सोडवून घेतला.

तो पोटावर सरकत वर गेला. मी बघत होतो. आजूबाजूला गोळ्यांनी माती उडत होती. तो पंजाब्यापर्यंत पोचला, त्याचा पट्टा धरला आणि त्याला ओढत एका कपारीत ढकललं. कपारीत जागा एकाचीच होती. हा बाहेर राहिला. गोळी मानेच्या खाली, खांद्याच्या हाडाला लागून आत गेली आणि पोटातून बाहेर आली. त्याचं तोंड वरच होतं, त्यांच्याकडं. पंजाबी पोरगा वाचला. लंगडतो, पण ट्रॅक्टर चालवतो. मला अजून फोन करतो आणि दर वेळी रडतो.

जोडीदाराचं शव घेऊन मला जाऊ दिलं नाही. ठाण्यावर माणसं कमी होती, वरून गोळीबार चालूच होता. दुसरा एक हवालदार गेला, त्याला मराठीचा गंध नाही आणि तो त्या दिवशी आमच्यासोबत चढावर नव्हताही. तो पेटी घेऊन गेला, सलामी झाली आणि परत आला. मी विचारलं, काय म्हणाले गावात? म्हणाला, बहुत भीड थी. बास. मी पहिल्या सुट्टीत जाऊन आईला भेटलो, तेव्हा तिच्या अंगणात माणसं मावत नव्हती. पुढारी आले होते, हार आले होते. कोणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तिच्याजवळ बसून रडलो आणि गावी गेलो.

पुढं दोन वर्षांनी जानेवारीत सुट्टी मिळाली, तेव्हा परत निघालो. म्हटलं सव्वीस जानेवारीला तिच्याजवळ असावं. नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर करत चाकूरला उतरलो, तिथून काळीपिवळीनं गावात. फाट्यावरच्या हाटेलात चहा घेतला. हाटेलवाल्यानं विचारलं, "कुनाकडं पाव्हणं?" मी सांगितलं, अमक्या जवानाच्या आईकडं. तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं बघून हसला आणि म्हणाला, "म्हंजे पाठीवाल्याच्या घरी व्हय?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पाठीवाला कोण? तो बिनधास्त सांगायला लागला, "त्येच की. पाठीत गोळी लागल्याली. पळत हुता म्हनं." आणि कपात चहा गाळत राहिला.

च्यायला! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्याची कॉलर धरली. दोन माणसं मध्ये पडली नसती तर त्याचं पातेलं त्याच्याच डोक्यावर उपडं केलं असतं. त्यांनी मला बाहेर आणून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग सगळं हळूहळू बाहेर आलं.

झालं होतं असं. पेटी आली तेव्हा आमचा हवालदार खुणा करून सांगत होता, उघडू नका. पण जोडीदाराचा सख्खा चुलता, सगळे त्याला आप्पा म्हणतात, तो अडून बसला. "मानसाला घरचं पानी लागल्याबिगर अग्नी द्यायचा न्हाई. आमच्यात तसं न्हाई चालत." रीत आहे ती, चुकीचं काही नाही. पाट मांडला, पाणी तापवलं आणि आप्पानं दोघा-तिघा भावकीवाल्यांना घेऊन त्याला अंघोळ घातली. तेव्हा त्यांनी बघितलं, पाठीला बारीक भोक आणि पोटाला मोठं. त्यांच्यातल्या एकानं शिकाऱ्याबरोबर रानडुकराच्या मागं हिंडून शहाणपण कमावलेलं. तो म्हणाला, बारीक भोक असतं तिकडून गोळी आत जाते. ते खरंच आहे. मग झालं की! पाठीतून आत गेली म्हणजे पाठ तिकडं होती. पाठ तिकडं म्हणजे पळत होता. आप्पानं ते पारावर सांगितलं. आधी रडून सांगितलं म्हणे, मग दारू पिऊन सांगितलं, मग नुसतंच सांगत सुटला. भावकी ती भावकी! बाहेरच्यानं हे बोलायची हिंमत केली नसती.

मी घरी गेलो. मावशी, म्हणजे त्याची आई, चुलीसमोर होती. मला बघून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. भाकरी टाकली, ठेचा दिला, दही दिलं. मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "मावशी, हे गावात काय बोलून राहिलेत लोक?"

ती म्हणाली, "बोलू दे."

"बोलू दे कसं? तुम्ही आप्पाला काही म्हणला नाहीत?"

"काय म्हनू? त्येनं डोळ्यानं बघितलं." आणि मला दुसरी भाकरी वाढली. मी तिथंच सांगायला सुरुवात केली, चढाव, नाला, पंजाबी पोरगा. तिनं ताट पुढं सरकवलं. "जेव आदी. मग सांग." मग शेजारीण आली, गोठ्यात म्हैस ओरडली, ती उठून गेली. मी मनात ठरवलं, हिला एकटीला सांगून काय उपयोग? गावासमोरच सोक्षमोक्ष लावू.

सकाळी शाळेत झेंडावंदन. पहिल्या वर्षी मावशीला स्टेजवर खुर्ची दिली होती, शाल आणि नारळ दिला होता, हे तिच्या शेजारणीनं मला सांगितलं. ह्या वर्षी ती कुंपणाजवळ बायकांत उभी होती. कोणी या म्हटलं नाही, कोणी बसा म्हटलं नाही. स्टेजवर पोरांचा देशभक्तीचा नाच. थर्माकोलचा डोंगर केला होता, त्याच्या टोकावर आपला जवान लाकडी बंदूक घेऊन उभा, आणि खाली शत्रू, धाडधाड मरून पडत होते. लोक मोबाईलवर शूटिंग करून राहिले होते. खाली पडलेला एक शत्रू हसत होता. मला वाटलं, जाऊन तो डोंगर लाथेनं उडवावा. च्यायला, ह्यांनी सगळ्या गावाला शिकवून ठेवलंय की आपला माणूस नेहमी वरच असतो! खाली राहून वर सरकणाऱ्याचा नाच कोण बसवणार? त्याला टाळ्या कोण देणार?

दुपारी हुरड्याला माणसं मावशीच्याच रानात जमली. गावात आता सगळीकडं सोयाबीन, ज्वारी मोजक्यांच्याच रानात, आणि तिची ज्वारी तर दाण्यानं भरलेली. बोलावलं नव्हतं तरी आली. बघा लाज! जिच्या पोराला पळपुटा म्हणायचं, तिच्याच रानात आगटी पेटवून तिचाच हुरडा खायचा. आप्पा पण आला होता, मांडी घालून मध्यभागी बसला होता, कणसं चोळत. मावशी मचाणावर होती, चार बल्ल्यांवर बांधलेल्या फळ्यांवर, आणि गोफणीनं पाखरं हाकत होती.

मी आप्पासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आप्पा, तुम्ही माझ्या जोडीदाराला अंघोळ घातली?"

"घातली की."

"पाठीत भोक बघितलं?"

"बघितलं. मी कशाला खोटं बोलू? माझ्याच रगताचा हुता त्यो. मला काय आनंद झाला व्हय?"

"मग पळत होता?"

आप्पा कणीस चोळत राहिला. म्हणाला, "पाव्हणं, आता मेल्याल्या मानसाचं कशाला काढता?"

"मी काढलं? तुम्ही दोन वर्षं रोज काढून राहिलात, अन् मी काढलं?" माझा आवाज चढला. आगटीभोवतीची माणसं खायची थांबली. मी म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे मचाण हाय. मी वर चढतो. तुम्ही त्या धुऱ्यापासून, त्या बांधापासून, पोटावर सरकत मचाणाकडं या. तोंड माझ्याकडं ठेवायचं, पाठ फिरवायची नाही. मी ढेकळं मारतो. छातीला लागलं तर मी गावाची माफी मागून जातो."

आप्पा उठेना. पण गावच ते. एकजण म्हणाला, "जा की आप्पा, ढेकळाला भेतोस व्हय?" दुसरा म्हणाला, "पळू नगंस मात्र!" आणि सगळे हसले. त्या हसण्यानं आप्पा उठला. धोतर खोचलं, धुऱ्याजवळ गेला, ज्वारी कापलेल्या पट्ट्यात आडवा झाला. मी मचाणावर चढलो. मावशीनं गोफण माझ्या हातात दिली आणि एका कडेला सरकली.

आप्पा यायला लागला. म्हातारा माणूस, कोपरं घासत, ज्वारीची सडं पोटाला टोचत असणार. मला त्याची जरासुद्धा दया आली नाही. खरं सांगतो, आजही येत नाही. तो मान वर करून माझ्याकडंच बघत होता, सांगितल्यासारखं. मी त्याला जवळ येऊ दिलं. मग मऊसं ढेकूळ घातलं, गोफण फिरवली आणि सोडली. दोन खांद्यांच्या मध्ये, बरोबर तिथंच बसलं आणि फुटून सगळी माती त्याच्या सदऱ्यावर पसरली. दुसरं मारलं, तेही पाठीवर. तिसरं कमरेवर. आप्पा सरकायचा थांबला.

मी वरून ओरडलो, "आप्पा, कुठं लागलं?"

तो कोपरावर रेलून आगटीजवळच्या माणसांकडं बघायला लागला.

"कुठं लागलं ते सांगा सगळ्यांना!"

"पाठीत."

"पळत होता काय? माझ्याकडं येत होता की लांब जात होता?"

कोणी हसलं नाही. आगटीत कणसं जळून चालली होती, कोणी काढत नव्हतं. मी तिथूनच, मचाणावर उभा राहून, सगळं सांगितलं. ते वर कसे होते, आम्ही खाली कसे, तो पंजाबी पोरगा, मी धरलेला बूट, ती एका माणसाची कपार. शिव्याही दिल्या. शिकाऱ्यामागं हिंडणाऱ्याला दिल्या, हाटेलवाला तिथं नव्हता त्यालाही दिल्या. आप्पा उठून उभा राहिला, हात जोडले, पण माझ्याकडं नाही, मावशीकडं बघून. "वैनी, मला वाटलं... आमाला काय म्हाईत गं." आणि सदरा न झटकता तसाच गावाकडं चालायला लागला. बाकीचे एकेक करून उठले. जाता जाता एकानं मला म्हटलं, "गावच्या कमानीवर त्येचं नाव घालायचा ठराव करू आता." मी म्हटलं, "करा, न्हाईतर मी परत येतो."

सगळे गेले. मी खाली उतरलो तेव्हा अंगात वारं भरलं होतं. दोन वर्षांचं नाही, जन्माचं काम केल्यासारखं वाटत होतं. मावशी माझ्या मागून उतरली आणि आगटीजवळ बसून निखाऱ्यांवर माती लोटायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, आता कोणाची टाप नाही बोलायची."

"बरं केलंस बाबा."

मग म्हणाली, "म्हंजे त्यो पळाला न्हाई?"

"नाही मावशी. एक पाऊल मागं आला नाही."

"नुस्ता वरच जात हुता?"

"हाव. तोंड त्यांच्याकडंच होतं."

ती माती लोटत राहिली. "लोकं म्हनायची पळाला, तर मी कुनाला आडवलं न्हाई. मी देवाला म्हनायचे, हे खरं आसू दे. पळाला म्हंजे त्येला जगायचं हुतं. माजी आठवन झाली आसंल, घराकडं तोंड केलं आसंल, आसं म्हनत दोन वर्सं झोपत हुते मी."

मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि निखाऱ्यांवर माती लोटायला लागलो.

तिनं हात पदराला पुसले, गोफण गुंडाळली आणि उठली. म्हणाली, "ऊठ, यष्टी चुकंल तुजी."